ग्रहणासाठी प्रवास : पाहणे आणि उभे राहणे



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. जुम्याची नमाज आटोपली, मशीद रिकामी झाली, पण मागच्या सफमध्ये एक गृहस्थ बसूनच राहिले. ते आमच्या सेनगाव तालुक्यातील एका शाळेत शिक्षक आहेत. वडिलांना उमराह घडवावा म्हणून गेली काही वर्षे ते पगारातून रक्कम बाजूला टाकत आले आहेत. जवळ येऊन म्हणाले, "मौलाना, एक प्रश्न आहे. विचारायला संकोच वाटतो."

प्रश्न असा होता. सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहण होणार आहे. चंद्राची सावली स्पेनच्या दक्षिण टोकावरून मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया आणि इजिप्त ओलांडून सौदी अरेबियात उतरेल आणि तेथून येमेन, सोमालियाकडे जाईल. इजिप्तमधील लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकलेला राहील. जिद्दा आणि मक्का ही दोन्ही शहरे या सावलीच्या पट्ट्यात आहेत. मक्केत भर दुपारी, एक वाजून गेल्यावर, सुमारे पाच मिनिटे अंधार पडेल.

शिक्षक म्हणाले, "लहानपणापासून खग्रास ग्रहण पाहण्याची इच्छा आहे. अब्बांना उमराहला न्यायचेच आहे, तर तेव्हाच नेले तर? निय्यत बिघडेल का? उन्हाळ्याच्या ऐन भरात, जास्त पैसे मोडून, केवळ आकाशात काही पाहायचे म्हणून तीच तारीख धरणे हा इस्राफ तर नाही ना?" थोडे थांबून त्यांनी विचारले, "आणि त्या पाच मिनिटांत मी काय करू? मान वर करून पाहू, की सजद्याच्या जागेवर नजर ठेवून उभा राहू?"

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. पहिल्या दोन प्रश्नांना ग्रंथांत आधार सापडतो, तिसऱ्याने मात्र मला अडवले. त्या तिन्ही प्रश्नांवर जो विचार झाला, तो आपल्यापुढे ठेवत आहे.

प्रथम ग्रहणाविषयी आपल्या घरांतून जे समज अजून टिकून आहेत, ते बाजूला सारले पाहिजेत. गरोदर बाईने ग्रहणात सुरी धरू नये, शिजवलेले अन्न टाकून द्यावे, दारे-खिडक्या लावून बसावे, असे सांगणारी वडीलधारी माणसे मुस्लिम मोहल्ल्यांतही आहेत. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच म्हणावे लागते की दीनमध्ये याला कोणताही आधार नाही. हिजरी सन १० मध्ये मदीनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र हजरत इब्राहीम वारले आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. खगोलगणितानुसार हे ग्रहण इ.स. ६३२ च्या २७ जानेवारीचे. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य काळवंडला. बापाचे काळीज फाटलेले होते आणि लोक स्वतःहून आभाळाला त्या दुःखात सहभागी करून घेत होते. प्रेषितांनी ते मान्य केले नाही. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ग्रहण दिसले की नमाज पढा, दुआ करा, सदका द्या, अशी शिकवणही दिली. स्वतःच्या दुःखाच्या दिवशीही ज्याने सत्याला किंचित वाकू दिले नाही, त्याच्या उम्मतने ग्रहणात विळी-सुरीला घाबरावे, हे शोभणारे नाही.

ग्रहण ही निशाणी आहे, हे यातून ठरले. पण ती निशाणी तर घरबसल्याही दिसते. मग दूर जाण्यात विशेष ते काय?

येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. धार्मिक माणसाला एक सोपी पळवाट मोकळी असते : आपल्या मनात ईमान आहे, पाहायची गरज काय, असे म्हणून मोकळे व्हायचे. ते खरे नव्हे. खंडग्रास आणि खग्रास यांत केवळ थोड्याफार प्रमाणाचा फरक नसतो. सूर्याची बारीकशी कोर जरी उरली, तरी दिवस हा दिवसच राहतो. ती कोर झाकली गेली की भर दुपारी तारे दिसू लागतात आणि सूर्याभोवतीचे ते शुभ्र तेजोवलय, जे एरवी सूर्याच्याच प्रखरतेमुळे कधी नजरेस पडत नाही, ते उघड्या डोळ्यांना दिसते. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आणि त्याचे अंतरही सुमारे ४०० पट, म्हणून आकाशात दोघांच्या तबकड्या जवळजवळ सारख्या दिसतात आणि एक दुसरीला नेमकी झाकू शकते. चंद्र दरवर्षी पृथ्वीपासून सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकत आहे. म्हणजे फार दूरच्या काळात पृथ्वीवरून खग्रास ग्रहण दिसणारच नाही. सूर्य आणि चंद्र हिशोबाने बांधलेले आहेत, असे सूरह रहमान सांगते. तो हिशोब इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे दृश्य क्वचितच असेल. एकाच ठिकाणी दोन खग्रास ग्रहणांमध्ये सरासरी पावणेचारशे वर्षांचे अंतर पडते. म्हणून ज्याला पाहायचे आहे, त्याला बहुधा प्रवास करावाच लागतो.

मी स्वतः खग्रास ग्रहण पाहिलेले नाही. १५ जानेवारी २०१० चे कंकणाकृती ग्रहण तेवढे आठवते. कंकण कन्याकुमारी-रामेश्वरमकडे दिसले, आमच्या मराठवाड्यात ते खंडग्रास होते. दिवस शुक्रवारचा होता आणि मी मदरशात शिकत होतो. जुम्याच्या वेळीच सूर्य झाकत चालला होता. मदरशाच्या अंगणात एक कडुनिंब होता. त्याच्या पानांच्या फटींतून जमिनीवर एरवी जे गोल कवडसे पडत, ते त्या दिवशी शेकडो चंद्रकोरी होऊन पडले होते. उस्तादांनी नमाजनंतर आम्हाला कुसूफच्या दोन रकअतींसाठी पुन्हा उभे केले. मी उभा होतो, पण लक्ष त्या कोरींकडे होते. पुढे वाचनात आले की हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम या विद्वानाने नेमक्या याच गोष्टीवर, बारीक छिद्रातून ग्रहणाची प्रतिमा कोरीसारखी का पडते यावर, स्वतंत्र प्रबंध लिहिला होता. मग मला त्या दिवशीच्या विचलित मनाची लाज थोडी कमी वाटली. ज्या कोरींनी माझी नमाज विस्कटली, त्यांच्याकडेच पाहत एक मुसलमान ज्ञानापर्यंत पोचला होता. तरीही नमाजमध्ये लक्ष नव्हते ही खंत पूर्ण गेली नाही. शिक्षकांचा तिसरा प्रश्न मला इतका लागला, तो यामुळेच.

ग्रहणासाठी लांबचा प्रवास करणारे लोक आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेले आहेत. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून देशावर आणि तेथून विदर्भाकडे गेली. ती पाहण्यासाठी इंग्लंडहून नॉर्मन लॉकयर सिंधुदुर्गातील विजयदुर्ग किल्ल्यावर आले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे उतरले. पुण्याच्या वेधशाळेचे प्रा. नायगमवालाही जेऊरलाच होते. इंग्रज निरीक्षकांची आणखी एक तुकडी वर्धा जिल्ह्यातील पुलगावला थांबली होती. आता नकाशा उघडा आणि जेऊर ते पुलगाव अशी सरळ रेघ ओढा. ती आपल्या हिंगोलीच्या परिसरातून जाते.

हे प्रथम ध्यानात आले तेव्हा मी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिलो. समुद्र ओलांडून, जहाजावर महाकाय दुर्बिणी लादून माणसे ज्या दोन मिनिटांसाठी आली, ती दोन मिनिटे निजामाच्या राज्यातील आमच्या या मुलखात आपणहून चालत आली होती. हिजरी सन १३१५, शाबानचे शेवटचे दिवस. ज्या चंद्राने त्या दुपारी सूर्य झाकला, त्याचीच कोवळी कोर एक-दोन दिवसांत रमजानची वर्दी देत पश्चिमेला दिसली असेल. आमच्या खापरपणज्यांनी त्या दुपारी काय केले असेल? कोणी दारे लावून घेतली असतील, कोणी गुरे गोठ्यात ओढली असतील, कोणी वुजू करून उभे राहिले असेल. ते आता कोणी सांगू शकत नाही. पण एवढे कळते की निशाणी दारात येणे ही एक गोष्ट आणि तिला प्रतिसाद देणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीला प्रवास लागतो किंवा लागत नाही. दुसऱ्या गोष्टीला मात्र माणसाला स्वतःलाच उठावे लागते.

आता पहिला प्रश्न घेऊ : निशाणी पाहायला प्रवास करणे योग्य आहे का? होय, योग्य आहे. सूरह अनकबूतमध्ये अल्लाहने पृथ्वीवर फिरून सृष्टीचा आरंभ कसा झाला ते पाहण्यास सांगितले आहे. सूरह आलि इमरानमध्ये आकाश आणि पृथ्वीच्या रचनेवर चिंतन करणाऱ्यांना बुद्धिमान म्हटले आहे. कोणी म्हणेल, तीन मशिदींखेरीज अन्यत्र प्रवासाचा बेत करू नये, अशी हदीस आहे. ती हदीस खरी आहे, पण तिचा रोख एखाद्या जागेला पावित्र्य देऊन, तेथील उपासनेचे अधिक पुण्य मानून केलेल्या प्रवासाकडे आहे, असा अर्थ अनेक विद्वानांनी सांगितला आहे. व्यापार, शिक्षण, नातलगांची भेट, ज्ञान यांसाठी मुसलमान नेहमीच प्रवास करत आले. ग्रहणाच्या पट्ट्याला पवित्र न मानता तेथे जाण्यात दोष नाही.

पण 'योग्य' म्हणजे 'आवश्यक' नव्हे. अल-बीरूनीची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. इ.स. ९९७ मध्ये एक चंद्रग्रहण त्याने ख्वारिज्ममधील काथ येथून पाहिले आणि अबुल वफा या विद्वानाने तेच बगदादहून पाहिले. दोघांनी आपापल्या ठिकाणची वेळ नोंदवली आणि वेळेच्या फरकावरून दोन शहरांमधील रेखांशाचे अंतर काढले. कोणालाही आपले शहर सोडावे लागले नाही. उलट दोघे आपापल्या जागी राहिले म्हणूनच ते मोजमाप शक्य झाले. अल्लाहच्या निशाणीने जाणाऱ्यालाही शिकवले आणि थांबणाऱ्यालाही.

खर्चाचा प्रश्न याहून कठीण आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे, पण तेथे त्याआधी काय आले आहे ते पाहा : नातलगाचा, गरजूचा आणि वाटसरूचा हक्क देण्याची आज्ञा. म्हणजे एखादा खर्च उधळपट्टी आहे का, हे रकमेवरून ठरत नाही, कोणाचा हक्क मारून तो झाला यावरून ठरते. मी शिक्षकांना विचारले, "तुमच्या डोक्यावर कर्ज आहे का?" नव्हते. "घरात कोणाचे अडले आहे का?" ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, धाकट्या भावाचे सोयाबीन अतिवृष्टीत गेले, सोसायटीचे पीककर्ज थकले आहे, तो मागत नाही, पण मला ठाऊक आहे.

वाचकहो, येथे मी त्यांना फतवा दिला नाही. भावाचे कर्ज फेडणे त्यांच्यावर फर्ज नव्हते आणि वडिलांच्या उमराहसाठी साठवलेला पैसा हलाल होता. पण मी एवढे म्हणालो की जो भाऊ मागत नाही, त्याचे न मागणे हीदेखील पाहण्याजोगी गोष्ट आहे. पाच मिनिटांचा अंधार पाहण्यासाठी हजारो किलोमीटर जाणाऱ्या माणसाला शेजारच्या ओसरीवरचा अंधार दिसू नये, असे होऊ नये. प्रेषितांनी ग्रहणाच्या वेळी नमाज आणि दुआसोबत सदकाही सांगितला आहे. आकाशात काही घडत असताना जमिनीवरच्या गरजवंताची आठवण करून देणारी ही शिकवण आपण सहसा विसरतो.

निय्यतीचे म्हणाल, तर कर्मांचा आधार निय्यतीवर आहे हे खरे. पण एका प्रवासात दुसरा हलाल हेतू मिसळला म्हणून उपासना बाद होत नाही. हजच्या काळात व्यापार करणे काही सहाबांना खटकू लागले, तेव्हा सूरह बकरहमध्ये स्पष्ट करण्यात आले की आपल्या पालनकर्त्याची कृपा शोधण्यात दोष नाही. व्यापाराला जर मुभा आहे, तर अल्लाहची निशाणी पाहण्याला का नसावी? मात्र एक कसोटी स्वतःला लावावी. त्या दिवशी मक्केत धूळ उडाली, आकाश झाकले गेले, काहीच दिसले नाही, तर प्रवास वाया गेला असे वाटेल का? १९९९ आणि २००९ ची खग्रास ग्रहणे भारतात ऐन पावसाळ्यात आली आणि दुरून गेलेले कित्येक जण ढग पाहून परतले. वाया गेला असे वाटणार असेल, तर उमराह केवळ निमित्त होता. वाटणार नसेल, तर निय्यत जागेवर आहे.

आता तिसरा प्रश्न : मान वर की खाली? नमाजमध्ये आकाशाकडे नजर उचलण्यास हदीसमध्ये कडक मनाई आहे. आणि ग्रहण लागताच हरममध्ये कुसूफची जमात उभी राहील. ज्याने वर्षानुवर्षे या दृश्याची वाट पाहिली, तो नेमका त्या पाच मिनिटांत खाली पाहत असेल. हा विरोध मला आधी क्रूर वाटला.

मग मी मदीनेतील त्या नमाजचे वर्णन पुन्हा वाचले. प्रेषित (स.) घाईने, चादर ओढत मशिदीत आले. अजान नव्हे, केवळ नमाजसाठी एकत्र येण्याची हाक देण्यात आली. कियाम इतका लांबला की तो सूरह बकरहच्या पठणाएवढा होता, असे इब्न अब्बास (र.) सांगतात. नमाजमध्ये प्रेषितांनी काहीतरी घेण्यासाठी हात पुढे केला, मग ते मागे सरले. नंतर सहाबांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की जन्नत दाखवली गेली, तेथील द्राक्षांचा घोस घ्यायला हात पुढे झाला होता आणि मग जहन्नमही दाखवली गेली. नमाज संपेपर्यंत सूर्य मोकळा झाला होता. म्हणजे इतिहासातील सर्वांत मोठ्या साक्षीदाराने त्या दिवशी जे पाहिले, ते सूर्याकडे पाहून पाहिले नाही.

यावरून सूर्याकडे पाहूच नये असा निष्कर्ष मी काढत नाही. हनफी फिकहमध्ये एक मोकळीक आहे : ग्रहणाचा काळ नमाज आणि दुआ यांनी भरावा, नमाज आटोपशीर झाली तर दुआ लांबवावी. खंडग्रास अवस्था खग्रासच्या आधी तासाहून अधिक चालते. त्या वेळी ग्रहणाचा खास चष्मा लावून पाहता येईल. एक्स-रेची फिल्म किंवा काळी काच नको, त्याने डोळ्यांना कायमची इजा होते. सूर्य पूर्ण झाकला गेला आणि आपण दुआमध्ये असलो, तर तेवढी मिनिटे उघड्या डोळ्यांनी पाहावे आणि पाहणे हीच दुआ व्हावी. पण जमात उभी असेल, तर जमातीसोबत उभे राहावे. तेव्हा अंधार सजद्याच्या जागेवरही उतरेलच. फक्त मोबाइल उंचावून ती मिनिटे घालवू नयेत. तसे करणाऱ्याने ना धड पाहिले, ना धड उभे राहिला.

काही आठवड्यांनी शिक्षक पुन्हा भेटले. भावाच्या कर्जाचा काही भाग त्यांनी भरला होता. त्यामुळे स्वतः आणि पत्नी-मुलांना नेण्याचा बेत मोडला. ते आणि वडील, दोघेच जाणार. मक्केतील ऑगस्टच्या उन्हाची काळजी होती, म्हणून त्यांनी तारीख वडिलांनाच ठरवू दिली. वडिलांची दृष्टी आता अधू झाली आहे. ते म्हणाले, "मला काबा जवळून दिसला तरी पुष्कळ. सूर्य झाकला की ऊन अंगावरून उतरेल, ते मला कळेल. तू वर पाहा आणि मला सांग. नमाज उभी राहिली, तर मी जिथे उभा असेन तिथे तूही उभा राहा." तिसऱ्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला देता आले नसते.

आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रवास घडणार नाही. महाराष्ट्रातून त्या दिवशी सूर्याचा काही भागच झाकलेला दिसेल आणि तोही पावसाळ्याच्या ढगांनी दिसू दिला तर. भारतातच पाहायचे असेल, तर २० मार्च २०३४ रोजी जम्मू-काश्मीर आणि लडाखवरून खग्रास ग्रहणाची सावली जाणार आहे. ज्यांना ऐपत आहे, ज्यांच्यावर कोणाचा हक्क थकलेला नाही, त्यांनी अवश्य जावे, मुलांना न्यावे. त्यांचा तो पैसा सत्कारणी लागेल. ज्यांना जाता येणार नाही, त्यांचे कर्तव्य कणभरही अपुरे राहत नाही. दारात जेवढी निशाणी येईल तेवढीला उठून उभे राहावे, दुआ करावी आणि आसपास कोणाची ओसरी अंधारात आहे ते पाहून सदका द्यावा.

अल्लाह आपल्याला पाहणारे डोळे, विचार करणारी बुद्धी आणि वेळेवर उभे राहणारे पाय देवो. आमीन.